अश्लीलता, आरोग्य आणि अभिप्रेत वाचक : ‘समाजस्वास्थ्य’ ते ‘पार्टनर’

१

अश्लील मानल्या गेलेल्या मजकुराचा वाचकावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न मराठीत दीर्घकाळ दोनच ठिकाणी चर्चिला गेला : न्यायालयात आणि वाङ्मयीन नियतकालिकांत. गेल्या तीनचार दशकांत त्याला तिसरे ठिकाण लाभले, ते सार्वजनिक आरोग्याचे. समलिंगी पुरुष जी उघड लैंगिक चित्रणे पाहतात किंवा वाचतात, त्यांचा एचआयव्ही व इतर लैंगिक आजारांच्या जोखमीशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न वैद्यकीय आणि समाजशास्त्रीय संशोधन आता विचारते. प्रश्नाची परिभाषा नवी आहे; त्याची रचना मात्र फार जुनी आहे. विशिष्ट मजकूर विशिष्ट वाचकाच्या हाती पडला म्हणजे त्याच्या वर्तनात विशिष्ट बदल घडतो, हे गृहीतक एकोणिसाव्या शतकातील अश्लीलताविषयक कायद्याचेही होते. फरक एवढाच, की कायदा बिघाड मनात शोधत होता आणि आरोग्यशास्त्र तो शरीरात शोधते.

या गृहीतकाचा मराठीतील इतिहास तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईत निघालेले आणि पुण्यातील सनातनी वर्तुळांना सतत सलणारे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक, स्वातंत्र्योत्तर काळातील अश्लीलतेचे मराठी खटले, पुण्यातील एचआयव्ही साथीचा इतिहास आणि बिंदुमाधव खिरे यांचे लेखन या चार गोष्टी एका रांगेत मांडाव्या लागतात. वरवर पाहता त्यांच्यात फारसे नाते नाही. परंतु ‘हा मजकूर कोण वाचतो’ या एका प्रश्नाच्या निमित्ताने त्या परस्परांना भिडतात आणि मराठी समीक्षेने टाळलेली एक जबाबदारी उघड करतात.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात ‘अश्लील’ ही संज्ञा वाचकाच्या अधःपाताशी निगडित नाही. मम्मटाने अश्लीलाची गणना काव्यदोषांत केली आणि व्रीडा, जुगुप्सा व अमंगल यांची व्यंजना करणारे असे त्याचे तीन प्रकार मानले. दोष शब्दयोजनेचा आहे. तो रसिकाच्या आस्वादात व्यत्यय आणतो, त्याचे चारित्र्य बिघडवत नाही. याउलट १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून आलेली इंग्रजी कसोटी संपूर्णपणे परिणामवादी आहे. ज्यांची मने अशा प्रभावाला खुली आहेत त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय, एवढेच ती पाहते. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ चा अर्थ लावताना हीच कसोटी वापरली गेली. मराठीत ‘अश्लील’ हा शब्द तोच राहिला. त्यामागची संकल्पना मात्र बदलून गेली. शब्ददोषाचा विचार मागे पडून दुबळ्या वाचकाचा विचार पुढे आला. त्यानंतरचे सर्व वाद या दुबळ्या वाचकाच्या नावाने झाले, आणि तो वाचक नेमका कोण हे मात्र क्वचितच विचारले गेले.

२

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्या कार्याची चर्चा बहुधा संततिनियमनाच्या संदर्भात होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र गुप्तरोगांपासून बचाव हाही त्यांच्या लेखनाचा तितकाच महत्त्वाचा विषय होता, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १९५३ च्या अंकाने थांबलेले ‘समाजस्वास्थ्य’ आपल्या नावातच आपली भूमिका सांगते. ‘स्वास्थ्य’ ही संज्ञा येथे शरीर आणि मन दोहोंना कवेत घेते, आणि ज्ञान ही त्या स्वास्थ्याची पूर्वअट मानते.

मुखपृष्ठावरील नग्नचित्रे आणि आतील वैद्यकीय, समाजशास्त्रीय मजकूर यांचे जे साहचर्य कर्व्यांनी मासिकात घडवले, ते त्यांच्या टीकाकारांना केवळ खप वाढवण्याची युक्ती वाटले. वास्तविक त्यात एक सुसंगत भूमिका आहे. शरीराकडे पाहण्याची लाज कायम ठेवून शरीराच्या आरोग्याचे ज्ञान देता येणार नाही, अशी ती भूमिका होय. कर्व्यांच्या दृष्टीने उघडपणा हा ज्ञानाचा अलंकार नव्हता, तर ज्ञान पोहोचण्याचा मार्ग होता.

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल पुण्यातील सनातनी मंडळींच्या पुढाकाराने त्यांच्यावर खटला झाला व त्यांना शंभर रुपये दंड झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र १९३४ चा दुसरा खटला अधिक अर्थपूर्ण आहे. या वेळी आक्षेप कर्व्यांच्या लेखावर नव्हता; वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी प्रश्न विचारले होते आणि संपादकाने त्यांना छापील उत्तरे दिली होती. बचावाचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही. वाचक शंका विचारतात आणि विषयाचा अभ्यास असलेला संपादक उत्तर देतो, यात गैर काही नाही. प्रश्न विकृत वाटत असतील तर विकृतीवरचा उपायही ज्ञानच आहे. आणि समलिंगी प्रवृत्तीकडे हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांनी पाहिले त्या दृष्टीने पाहिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. दंड दोनशे रुपयांचा झाला.

या खटल्यातील वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. हिक्लिन कसोटीतील वाचक मुका असतो. मजकूर त्याच्यावर येऊन आदळतो आणि तो भ्रष्ट होतो. ‘समाजस्वास्थ्य’च्या प्रश्नोत्तरांतील वाचक बोलका आहे. मजकुरापूर्वीच त्याचे एक जीवन आहे, त्यात एक शंका आहे, बहुधा भयही आहे. ते घेऊन तो संपादकाकडे येतो. मजकूर त्याच्या प्रश्नातून जन्माला येतो. म्हणजे येथे कार्यकारणाची दिशाच उलट झाली आहे. वोल्फगांग इझरने १९७० च्या दशकात ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडली. संहितेच्या रचनेतच वाचकाची एक जागा आखलेली असते, असे तिचे सूत्र आहे. या परिभाषेत सांगायचे तर १९३४ च्या खटल्यात दोन अभिप्रेत वाचक समोरासमोर उभे होते. एक कायद्याने कल्पिलेला, पोखरला जाणारा. दुसरा मासिकाने आखलेला, विचारणारा. त्यांपैकी समलिंगी संबंधांविषयी विचारणारा वाचक हा मराठी मुद्रणाच्या इतिहासात स्वतःविषयी प्रश्न करू पाहणाऱ्या वाचकाचा एक आरंभीचा ठसा आहे. त्याला नाव नाही, आणि असण्याची शक्यताही नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ त्याच्या डोक्यावर होते. परंतु त्याचे अस्तित्व मान्य केल्याबद्दलच संपादकाला दंड झाला.

३

स्वातंत्र्यानंतरचे मराठीतील अश्लीलताविषयक खटले वेगळ्या वळणाने गेले. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. ‘रंभा’ या मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील खटल्याचा आरंभ तर पुण्यातच झाला. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने लेखक व प्रकाशक यांना प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाला दोषमुक्त केले. दरम्यान रणजित उदेशी खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटीच उचलून धरली होती. १९६९ च्या दुरुस्तीने मात्र कलम २९२ मध्ये विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद देण्यात आला.

या सर्व लढ्यांतून मराठी समीक्षेने जी भूमिका घडवली ती सौंदर्यवादी होती. कलाकृतीतील लैंगिकता कलेच्या सेंद्रिय एकात्मतेचा भाग असल्याने ती अश्लील नाही, हा युक्तिवाद मराठीत पुढे पुष्कळ स्थिरावला. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’च्या (१९७२) वादातही तो आधाराला आला. त्याने लेखकांचे स्वातंत्र्य वाढवले, हे निर्विवाद. पण त्याची एक किंमत होती. कलेच्या नावाने मिळालेले संरक्षण कलाकृतीलाच मिळाले. जे कलात्मक नाही, शास्त्रीय ग्रंथाच्या प्रतिष्ठेचेही नाही, परंतु एखाद्या वाचकाला आपल्या शरीराविषयी नेमके काही सांगते, अशा मजकुराची बाजू समीक्षेने घेतली नाही. कर्व्यांची प्रश्नोत्तरे नेमकी याच वर्गातील होती. त्यामुळे मर्ढेकर समीक्षेचे झाले. कर्वे समाजसुधारणेच्या इतिहासाकडे सोपवले गेले. य. दि. फडके यांचे चरित्र आणि अनंत देशमुख यांनी संपादित केलेले कर्व्यांचे वाङ्मय यांमुळे त्यांचे लेखन पुन्हा उपलब्ध झाले, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि अजित दळवी लिखित, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक यांनी त्यांना नवा प्रेक्षक मिळवून दिला. तरी ‘समाजस्वास्थ्य’ची भाषा, तिची प्रश्नोत्तररूप संहिता आणि तिने आखलेला वाचक यांचा वाङ्मयीन विचार फारसा झाला नाही.

या काळातील दुसरी गोष्ट अशी, की न्यायालयात ज्याच्या रक्षणाची भाषा बोलली जाई तो वाचक नेहमी कोवळ्या वयाचा, आणि अर्थात स्त्रीकडे आकृष्ट होणारा पुरुष असे. समलिंगी पुरुष हा वाचक म्हणून कोणाच्याच कल्पनेत नव्हता. तो संहितेत आला तर विषय म्हणून आला. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ (१९७९) लिंगभावाच्या सीमारेषा हलवते. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) एका स्त्रीच्या समलिंगी ओढीची शोकांतिका मांडते. दोन्ही महत्त्वाची नाटके आहेत. परंतु त्यांच्या प्रेक्षागृहातील अभिप्रेत प्रेक्षक हा अशा व्यक्तीकडे बाहेरून पाहणारा आहे. स्वतःविषयी काही जाणून घेऊ पाहणाऱ्या तरुणाला तेथे करुणा मिळाली असेल. माहिती मिळणे शक्य नव्हते, आणि ते नाटकाचे कामही नव्हते.

४

ही पोकळी १९८० च्या दशकाअखेर जीवघेणी ठरू लागली. भारतात एचआयव्हीची पहिली प्रकरणे १९८६ मध्ये चेन्नईत आढळली. १९९२ मध्ये पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली आणि हे शहर भारतातील एचआयव्ही संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत १९९३ ते २००२ या दशकात आलेल्या पुरुषांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष या निबंधाच्या मध्यभागी ठेवावे लागतात. पुरुषांशी संबंध आल्याचे सांगणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण पाचांत सुमारे एक इतके होते. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की त्या दशकात इतर पुरुषांमधील प्रमाण घटत गेले, या पुरुषांमधील मात्र घटले नाही.

दवाखान्याची दारे दोघांनाही सारखीच उघडी होती, समुपदेशनाची व्यवस्थाही तीच होती. मग एका गटात घट होते आणि दुसऱ्यात होत नाही, याची कारणे अर्थातच अनेक असणार. गुदमार्गे होणाऱ्या संबंधात विषाणू संक्रमणाची शक्यता अधिक असते, लहान आणि बंदिस्त जाळ्यांमध्ये साथ वेगाने फिरते, कायद्याच्या धाकामुळे लोक दवाखान्यापासून दूर राहतात. पण यांच्या जोडीला एक भाषिक कारणही विचारात घ्यायला हवे. त्या काळातील प्रतिबंधाचा मराठी मजकूर कोणाला उद्देशून होता? भिंतीवरच्या आणि बसवरच्या सूचनांत पत्नीशी एकनिष्ठ राहण्याचा उपदेश होता, वेश्यागमनाविरुद्ध इशारा होता, सुईचे चित्र होते. या मजकुराचा अभिप्रेत वाचक विवाहित अथवा विवाहोत्सुक पुरुष होता. ज्या पुरुषाचा पुरुषाशी संबंध येत होता त्याने हा मजकूर प्रामाणिकपणे वाचला असता, तर आपल्याला धोका नाही, असाच निष्कर्ष त्याला काढावा लागला असता. मजकुरात खोटे काही नव्हते. त्यात तो नव्हता.

ज्यांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला त्यांच्या वाट्याला १९३४ चीच पुनरावृत्ती आली. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात निरोध पुरवण्यास नकार देण्यात आला, कारण तसे करणे म्हणजे कलम ३७७ खालील गुन्ह्याला मान्यता देणे होईल, असे मानले गेले. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. त्यांच्या कार्यालयांतील सुरक्षित संभोगविषयक शैक्षणिक साहित्य अश्लील म्हणून जप्त झाले आणि त्यांना दीड महिन्याच्या आसपास तुरुंगात काढावे लागले. हा प्रकार भारतापुरता नव्हता. न्यू यॉर्कमधील गे मेन्स हेल्थ क्रायसिस या संस्थेने समलिंगी पुरुषांसाठी सुरक्षित संभोगाची उघड चित्रकथा काढली, तेव्हा ती अमेरिकी सिनेटमध्ये दाखवून १९८७ मध्ये हेल्म्स दुरुस्ती मंजूर करून घेण्यात आली, आणि समलिंगी वर्तनाला उत्तेजन देणाऱ्या मजकुरासाठी सरकारी निधी बंद झाला. डग्लस क्रिम्प या समीक्षकाने त्याच वर्षी, समलिंगी पुरुषांच्या लैंगिक संस्कृतीतूनच सुरक्षित संभोगाची कल्पना पुढे आली, ही गोष्ट ठामपणे मांडली. उघडपणा हाच रोगाचे कारण मानणारे आणि उघडपणा हेच बचावाचे साधन मानणारे, असे दोन पक्ष अटलांटिकच्या पलीकडेही तेच होते.

५

माहितीचा मजकूर जेथे नव्हता तेथे दुसरा मजकूर होता. फुटपाथवरची पिवळी पुस्तके, १९८० च्या दशकातील व्हिडिओ कॅसेटी, आणि १९९५ मध्ये इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाल्यानंतर सायबर कॅफे, हा क्रम पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात वेगाने पार पडला. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल डेटामुळे उघड लैंगिक चित्रण प्रत्येकाच्या खिशात आले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आठशेहून अधिक संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला. बंदीच्या मार्गाची मर्यादा तेवढ्यातच स्पष्ट झाली. समलिंगी तरुणाच्या बाबतीत या चित्रणाचे स्थान वेगळे होते. इतरांना ते एक विरंगुळा होते. आपल्यासारखे दुसरे कोणी जगात आहे, याचा त्याला मिळालेला कित्येकदा तो पहिला पुरावा होता. अभ्यास म्हणून, ओळख म्हणून आणि सुख म्हणून एकच मजकूर वापरला जाणे, ही त्याच्या दारिद्र्याची खूण होती.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, समलिंगी पुरुष आणि उघड लैंगिक चित्रण यांवर २००० नंतर बरेच संशोधन झाले. त्याचा साधारण कल असा दिसतो. चित्रण किती पाहिले, यापेक्षा कोणत्या प्रकारचे पाहिले, याचा संबंध अधिक स्पष्ट आढळतो. निरोधाविना संबंध दाखवणारी दृश्ये पसंत करणाऱ्यांत निरोधाविना संबंधांचे प्रमाणही अधिक आढळते. मात्र यांतील बहुसंख्य पाहण्या एकाच वेळी केलेल्या असल्याने दृश्यांमुळे वर्तन घडले की मूळ पसंतीमुळे दृश्यांची निवड झाली, याचा निर्णय त्यांतून होत नाही. अनेक पुरुष आपण लैंगिक संबंधांविषयी या चित्रणांतूनच शिकलो, असेही सांगतात. प्रश्न पुन्हा तेथेच येतो : वाचक मजकुराने घडतो, की मजकूर निवडतो? वाचककेंद्री समीक्षेला या पेचाचे नवल वाटू नये. तिच्या दृष्टीने दोन्ही एकाच प्रक्रियेची अंगे आहेत.

समीक्षा येथे स्वतःचे असे काही देऊ शकते, ते म्हणजे या चित्रणाचे प्रकारलक्षण पाहण्याची दृष्टी. प्रत्येक वाङ्मयप्रकार काही गोष्टी गाळून उभा राहतो. उघड लैंगिक चित्रपटात ‘आधी’ नसते आणि ‘नंतर’ नसते. चाचणीविषयी संभाषण नसते, नकार नसतो, संकोच नसतो, वंगणाची तयारी नसते, दवाखाना नसतो, दुसऱ्या दिवशीची काळजी नसते. निरोध दिसणे वा न दिसणे हादेखील त्या त्या काळातील संकेत असतो. १९८० च्या दशकाअखेरीस एड्सच्या छायेत अमेरिकेतील समलिंगी चित्रपटनिर्मात्यांनी निरोधाचा वापर पडद्यावर रूढ केला. १९९० च्या दशकाअखेरीपासून तो संकेत मोडणारी निर्मिती वाढत गेली. अनुभवी प्रेक्षक हे गाळलेले अंश आपल्या ज्ञानाने भरून काढतो. इझर ज्यांना संहितेतील रिक्त स्थाने म्हणतो ती भरण्याचे साहित्य त्याच्यापाशी असते. ज्याच्यापाशी दुसरा कोणताही मजकूर नाही, तो रिक्त स्थानालाच विधान समजतो. ‘येथे दाखवलेले नाही’ याचा अर्थ तो ‘येथे आवश्यक नाही’ असा घेतो. जोखीम असेल तर ती दृश्यात जितकी आहे त्याहून अधिक या गैरवाचनात आहे. आणि गैरवाचनाचे कारण वाचकाची दुर्बलता नसून त्याच्या भाषेतील इतर मजकुराचा अभाव हे आहे.

आरोग्यविषयक पत्रकाची त्रुटी याच्या बरोबर उलट आहे. त्यात निरोध आहे, चाचणी आहे, दवाखान्याचा पत्ता आहे, इच्छा नाही. ज्या क्षणी माणूस निर्णय घेतो, किंवा घेऊ शकत नाही, त्या क्षणाची भाषा पत्रकाजवळ नाही. एका मजकुरात शरीर आहे पण परिणाम नाही, दुसऱ्यात परिणाम आहे पण शरीर नाही. मराठी समलिंगी वाचकाला मिळाले ते हे दोन अर्धे मजकूर, आणि त्यांना जोडणारी संहिता त्याने स्वतःच रचावी, अशी अपेक्षा.

वैद्यकीय ज्ञान पुढे गेल्याने तर हे दोन अर्धे परस्परांपासून अधिकच दुरावले. भारतात २००४ पासून विषाणूरोधक उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागले. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. उपचारांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली आणल्यास जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे युरोपातील समलिंगी जोडप्यांच्या अभ्यासाने २०१९ मध्ये निर्णायकपणे दाखवले. प्रतिबंधासाठी आधीच घ्यायची औषधेही आली. म्हणजे निरोधाविना संबंध आणि एचआयव्हीची जोखीम हे आज समानार्थी राहिलेले नाहीत, जरी गर्मी, परमा यांसारख्या आजारांसाठी निरोधाचे महत्त्व कायम आहे. पडद्यावरील दृश्यातून यातले काहीच कळत नाही. नट औषध घेतो काय, त्याची चाचणी झाली आहे काय, हे चित्रणाच्या चौकटीबाहेर असते. ते ज्ञान भाषेतच देता येते, आणि पुण्यातील वाचकासाठी ती भाषा प्रथमतः मराठी आहे.

६

या पार्श्वभूमीवर पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाचे ऐतिहासिक स्थान पाहायला हवे. खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचे लैंगिक आरोग्य हे तिच्या कामाचे एक मुख्य क्षेत्र. २००५ मध्ये त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आली. व. पु. काळे यांची याच नावाची लोकप्रिय कादंबरी मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी होती. तेच नाव घेऊन एका समलिंगी मराठी तरुणाची कथा सांगणे, यात त्या मध्यमवर्गीय वाचनविश्वात जागा मागण्याचा अर्थ आपोआप आला आहे. ‘इंद्रधनू’, ‘मानवी लैंगिकता’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी कायदा, मानसशास्त्र आणि आरोग्य यांची माहिती मराठीत मांडली.

‘पार्टनर’ दैनंदिनीच्या रूपाने पुढे सरकते. हे रूप कलात्मक साहसासाठी निवडलेले नाही, तरी त्याचे कार्य लक्षणीय आहे. दैनंदिनीला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असते. तारखेमागून तारीख येते. वर ज्या रिक्त स्थानांचा उल्लेख केला ती या रूपात आपोआप भरली जातात : संकोच, घर, शिक्षण, डॉक्टर, एकटेपणा, दुसऱ्या दिवशीची काळजी. इच्छेची भाषा आणि परिणामांची भाषा येथे एकाच निवेदकाच्या तोंडी येतात. ‘समाजस्वास्थ्य’च्या पानावर जो निनावी वाचक प्रश्न घेऊन आला होता, तो सत्तर वर्षांनी प्रथमपुरुषी निवेदक झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) याच सुमारास आली. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात, या आशयसूत्रावरची ही कादंबरी वाङ्मयीन गुणांनी निःसंशय अधिक समृद्ध आहे. जेरी पिंटो यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (२०१३) तिला व्यापक वाचकही मिळाला. समीक्षेने तिची दखल घेतली, ते योग्यच झाले. ‘पार्टनर’ मात्र बहुतांशी सामाजिक दस्तऐवज, उपयुक्त पुस्तक, म्हणून बाजूला ठेवली गेली. येथे मर्ढेकर आणि कर्वे यांच्याबाबत झालेल्या विभागणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. उपयुक्ततेचा दोष लावताना ती उपयुक्तता कोणाला, कोणत्या भाषिक अभावात आणि कोणत्या किमतीला, हा विचार समीक्षेने केलेला नाही.

याचा अर्थ माहितीपर कादंबरीला श्रेष्ठ कलाकृती म्हणावे, असा नाही. ‘पार्टनर’मध्ये निवेदन कित्येकदा समुपदेशनाच्या अंगाने जाते, प्रसंग उदाहरणादाखल येतात, ही मर्यादा मान्यच करावी लागेल. मागणी एवढीच, की संहितेचे मूल्यमापन करताना ती ज्या मजकुरांच्या मधे उभी आहे ते मजकूरही पाहावेत. एका बाजूला ‘आधी’ व ‘नंतर’ नसलेले दृश्य आणि दुसऱ्या बाजूला इच्छा नसलेले पत्रक असताना त्या दोहोंना जोडणारे सामान्य प्रतीचे गद्यही एक सांस्कृतिक कार्य करते. त्या कार्याचे वर्णन करण्याची परिभाषा वाङ्मयीन समीक्षेपाशीच आहे, वैद्यकापाशी नाही.

७

कायद्याची चौकट आता बदलली आहे. २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. अवीक सरकार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिन कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मानदंडांची कसोटी स्वीकारली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. अश्लील प्रकाशनाचा गुन्हा मात्र तिच्या कलम २९४ मध्ये कायम आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७ व ६७-अ इलेक्ट्रॉनिक मजकुराला लागू आहेत. समलिंगी पुरुष आज गुन्हेगार नाही. त्याच्यासाठी नेमक्या शब्दांत आणि चित्रांत केलेला मजकूर मात्र अजूनही अश्लीलतेच्या आरोपाला सामोरा जाऊ शकतो. व्यक्ती मुक्त झाली, मजकूर अर्धाच मुक्त झाला.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की उघड चित्रण आणि आरोग्याची जोखीम यांच्यातील संबंध केवळ चित्रण आणि प्रेक्षक एवढ्या दोन बिंदूंनी समजत नाही. प्रेक्षकाच्या भाषेत त्या चित्रणाशेजारी आणखी कोणते मजकूर उपलब्ध आहेत, हा तिसरा बिंदू आवश्यक आहे. मराठीच्या बाबतीत तो तिसरा बिंदू ‘समाजस्वास्थ्य’ने १९२७ ते १९५३ या काळात मांडून दाखवला, आणि नंतर सुमारे अर्धे शतक तो मोकळा राहिला. त्याच काळाच्या अखेरीस साथ आली. दुसरी गोष्ट मराठी समीक्षेविषयी आहे. अश्लीलतेच्या वादात तिने लेखकाचे स्वातंत्र्य राखले, कलाकृतीची स्वायत्तता राखली. विचारणाऱ्या वाचकाचा हक्क मात्र तिच्या कार्यकक्षेत आला नाही. १९३४ मध्ये न्यायालयासमोर तो हक्क मांडला गेला तेव्हा मांडणारा वकील होता, समीक्षक नव्हता. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आणि संशोधनात ‘समाजस्वास्थ्य’ची प्रश्नोत्तरे, प्रतिबंधाची मराठी पत्रके आणि खिरे यांच्यासारख्यांचे गद्य यांना संहिता म्हणून स्थान मिळाल्यास ती उणीव काही अंशी भरून निघेल. हे साहित्य स्वस्त कागदावरचे आहे, बरेचसे विखुरलेले आहे, आणि ज्यांनी ते वाचले त्यांतील कित्येकांना ते घरात ठेवणे शक्य नव्हते. त्याचा संग्रह करणे हे पहिले काम आहे.